साखरेचा फोटो

हिंगोलीत मला 'एक्स-रेवाल्या बाई' म्हणतात. मी उभ्या आयुष्यात एकही एक्स-रे काढलेला नाही. निवृत्त होऊन गावी परतले तेव्हा सुरुवातीला दोन-चार जणांना नीट समजावून सांगितलं, मग नाद सोडला. आता शेजारपाजारचे लोक गुडघ्याचे, कमरेचे, छातीचे फोटो घेऊन येतात. मी ते खिडकीच्या उजेडात धरते, गंभीर चेहरा करते आणि 'डॉक्टरांना दाखवा' असं सांगते. लोक समाधानाने घरी जातात.

माझी सगळी नोकरी एका मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात झाली. विभागाचं नाव न्यूक्लिअर मेडिसिन. माझे वडील देवस्थानच्या कचेरीत कारकून होते. 'न्यूक्लिअर' हा शब्द त्यांनी बातम्यांत ऐकलेला, त्यामुळे मुलगी बॉम्बच्या कारखान्यात आहे आणि सरकारी गुपित म्हणून घरी सांगत नाही, अशी त्यांची शेवटपर्यंत समजूत होती. चारचौघांत त्यांनी तसं सुचवलेलंही होतं, आणि त्यामुळे आमच्या गल्लीत माझा थोडा दरारा होता.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'गमतीदार अनुभव लिहा' असं सांगितलं आहे. गमती आहेत की! कळमनुरीकडच्या एका आजोबांनी नातवाला इंजेक्शन दिल्यावर मला विचारलं होतं, की पोरगं आता अंधारात चमकंल का, म्हणजे लाइट गेल्यावर अभ्यासाला बरं पडंल. एका मुख्याध्यापकांना मुलाच्या मेंदूचा रंगीत फोटो इतका आवडला की ते तो फ्रेम करून घेणार होते. असे प्रसंग आठवून मी लिहायला बसले खरी, पण लेखणी प्रत्येक वेळी ईश्वरीपाशीच येऊन थांबते. तेव्हा तिचंच लिहिते, नावं आणि खुणा बदलून. संपादकांनी रागावू नये.

त्याआधी आमचा धंदा थोडक्यात सांगायला हवा. एक्स-रेमध्ये किरणं बाहेरून शरीरात सोडतात. आमचं उलट असतं. आम्ही पेशंटच्या शिरेत थोडंसं किरणोत्सारी औषध सोडतो, ते शरीरात जिथं जाऊन बसेल तिथून किरणं बाहेर येतात आणि मशीन ती टिपतं. या औषधाला आम्ही ट्रेसर म्हणतो, म्हणजे माग काढणारं. सगळ्यात जास्त वापरतात तो ट्रेसर साखरेसारखा असतो. कॅन्सरची गाठ अधाशी असते, ती साखर भराभर ओढते आणि फोटोत उजळून दिसते. फुप्फुस असो की पोट, हे औषध फार कामाचं. मेंदूत मात्र त्याची पंचाईत होते, कारण मेंदू स्वतःच साखरेवर जगतो. सगळा मेंदूच उजळलेला असतो. दिवाळीत पणत्यांनी भरलेल्या गल्लीत एक जास्तीची पणती शोधायला सांगावं, तसं ते काम आहे.

म्हणून दुसरं औषध आलं. ते प्रथिनं ज्यापासून बनतात त्या घटकाचं. निरोगी मेंदू ते फारसं घेत नाही, गाठ मात्र घेते. गल्ली अंधारी आणि एकाच घरात दिवा, मग शोधायचं काय राहिलं? हे औषधही देवाचा शब्द नव्हे. लहान मुलांच्या काही गाठी संथ असतात, त्या याला दाद देत नाहीत. पण ज्या मुलाला आधी गाठीसाठी रेडिएशन दिलं आहे, त्याच्या मेंदूत पुन्हा काही दिसलं, तर ती नवी गाठ की रेडिएशनने भाजलेला जुना व्रण, हे साखरेपेक्षा या औषधाने जास्त सरळ कळतं. आमच्याकडे तेव्हा लहान मुलांचे दोन्ही औषधांचे फोटो शेजारी शेजारी लावून बघत असत. फोटो वाचणं डॉक्टरांचं काम. मुलांना न रडवता सुई टोचणं आणि मशीनमध्ये न हलता झोपवणं माझं.

दोन्ही औषधांत एक खोड सारखीच. दोन तास व्हायच्या आत निम्मी शक्ती संपते, पुढच्या तेवढ्याच वेळात उरलेल्यातली निम्मी. साखरेचं औषध शहरातच तयार होई आणि रोज सकाळी शिशाच्या जड डब्यातून येई. दुसरं लांबच्या शहरातून विमानाने यायचं, आणि तेही मागणी पुरेशी जमली तर.

एका सकाळी प्रतीक्षागृहातून एका बाईचा आवाज आला, "काहून भिऊन राहिलीस माय? कोनी खात न्हाई तुला." तोवर त्या तळघरात मी हिंदी ऐकली, गुजराती ऐकली, पुस्तकी मराठी ऐकली, पण हे आपल्याकडचं 'भिऊन राहिलीस' ऐकून मी हातातलं काम टाकून बाहेर आले. सेनगाव तालुक्यातलं कुटुंब होतं. बाप माधव, सेनगाव-हिंगोली रस्त्यावर जीप चालवायचा. आई सविता. माधवचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत, नरसीला नामदेवांच्या देवळात भजनाला बसणारे. आणि नऊ वर्षांची ईश्वरी, जिच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबत नसे. मीही हिंगोलीचीच म्हटल्यावर तिने माझी उलटतपासणी घेतली. हिंगोलीत कुठं, दसऱ्याला रामलीला बघता का, मग इथं काहून राहता? मी नर्स नाही हे सांगूनही ती मला 'सिस्टरबाई' म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी तिच्या मेंदूतली गाठ काढली होती. डाव्या बाजूला, कानाच्या वर. मग लाइट दिल्या, रेडिएशनला आपल्याकडे असंच म्हणतात. पोरगी बरी होऊन शाळेत जायला लागली. आता पुन्हा डोकं दुखत होतं आणि एमआरआयमध्ये त्याच जागी काहीतरी दिसत होतं. डाव्या बाजूची ती जागा बोलण्याची. गाठ परत आली असेल तर ती काढावीच लागणार, आणि काढताना बोलणं जाण्याचा धोका. नुसता व्रण असेल तर आधी गोळ्यांनी सूज उतरवून बघता येणार होतं. म्हणजे या पोरीचं बोलणं आमच्या फोटोवर अवलंबून होतं.

आधी साखरेचा फोटो काढायचा ठरलं. औषध टोचल्यावर मुलाला अंधाऱ्या खोलीत निपचित ठेवावं लागतं. बोलायचं नाही, गाणी ऐकायची नाहीत, मोबाईल तर नाहीच. मेंदूचा जो भाग काम करील तो जास्त साखर ओढतो, म्हणून. हे मी सगळ्या आई-बापांना सांगत असे तसं यांनाही सांगितलं. मला धास्ती होती ती ईश्वरीच्या तोंडाची. पण पोरगी अशी शांत पडून राहिली की मी दोनदा डोकावून पाहिलं. ओठसुद्धा हलत नव्हता.

फोटो झाल्यावर तिला उठवताना मी म्हटलं, "शहाणी गं माझी. कंटाळा नाही आला?"

"न्हाई. मी मनात म्हणून राहिले होते."

"काय म्हणत होतीस?"

"अभंग. आबांनी सांगितलं, व्हट हालवायचा न्हाई म्हणतात बाई, तर मनातल्या मनात म्हण. देवाला मनातलं बी ऐकू येतं." आणि मग अभिमानाने, "सगळे म्हणले. एक बी इसरले न्हाई."

मी दाराकडे पाहिलं. आबा हात जोडून उभे होते. भ्यायलेल्या लेकराला आपल्याकडचा कुठलाही म्हातारा हेच सांगेल, माझ्या आजीनेही मला सांगितलं असतं. तोंड मिटून नाव घेणं हे आपल्या लेखी काही करणं नव्हेच, ती विश्रांती. पण मेंदूच्या लेखी ते बोलणंच.

मी लगेच आमच्या विभागप्रमुखांना सांगितलं. सर आधी हसले. मग त्यांनी फोटो पुढे ओढला. डाव्या बाजूची ती जागा चांगलीच उजळली होती. ते म्हणाले, "ही गाठ असेल. व्रणाची सूज असेल. नाहीतर तुमच्या गावचं भजन असेल. मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही." साखरेचाच फोटो पुन्हा काढून उपयोग नव्हता. पोरगी मनातसुद्धा गप्प राहिली असती तरी गाठ की सूज हा प्रश्न तसाच राहिला असता. सरांनी दुसऱ्या औषधाची मागणी त्याच दिवशी पाठवली.

पहिल्या खेपेला विमान लांबलं. शिशाचा डबा आमच्या हातात पडला तेव्हा आत नावापुरतं औषध उरलं होतं. ईश्वरी सकाळपासून उपाशी होती, तिला मी बिस्किटं दिली. दुसऱ्या खेपेला कारखान्यातूनच निरोप आला, की आज बनवलेलं औषध तपासणीत उतरलं नाही, पाठवू शकत नाही. असं होतं अधूनमधून, त्यात कोणाचा दोष नसतो. पण बाहेर बाकावर बसलेल्या माणसांना हे सांगायला जायची पाळी माझी असायची.

माधवने विचारलं, "मॅडम, ते औषध कशानं येऊन राहिलं?"

"विमानाने."

"विमानानं येऊन बी उशीर? आमची जीप बराबर टायमाला सुटती." तो चिडून बोलला नाही, हसूनच बोलला. मला मात्र कुठं तोंड लपवावं असं झालं.

तिसरी खेप पुढच्या आठवड्यात येणार होती. त्याआधीच ईश्वरीला फिटचा झटका आला. मग उलट्या सुरू झाल्या, पोरगी गुंगीत जायला लागली. डॉक्टरांची बैठक झाली, मी फोटो लावायला तिथं होते. सर म्हणाले, दुसरं औषध येईपर्यंत थांबता आलं तर बरं. सर्जन म्हणाले, "आणि गाठच असली, आणि तेवढ्यात काही झालं, तर?" एमआरआय गाठ म्हणत होता, साखर गाठ म्हणत होती, पोरीची तब्येत गाठ म्हणत होती. शंका घ्यायला आमच्याकडे फक्त एका नऊ वर्षांच्या मुलीचे मनातले अभंग होते. न थांबता शस्त्रक्रिया करायची ठरलं. आजही मी त्या खोलीत मनाने परत जाते, आणि सर्जनच्या जागी बसून बघते. मीही तेच ठरवलं असतं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सविता मला जिन्यात भेटली. "बोलनं जाऊ शकतं म्हनतात. खरं हाय का?" मी म्हटलं, जाऊ शकतं, पण गाठ ठेवली तर पोरगी जाईल. तिने मान हलवली. माधवने सही केली.

ईश्वरी वाचली. काढलेला तुकडा तपासणीला गेला आणि निकाल आला: जिवंत गाठ कुठंच नाही. नुसता भाजलेला, मेलेला भाग.

माधव धावतच तळघरात आला. गाठ नाही, पोरीला कॅन्सर परत आलाच नाही, एवढंच त्याला कळलं होतं, आणि बापाला आणखी काय कळायला हवं असतं? त्याने मशीनच्या खोलीच्या उंबऱ्यावर डोकं टेकलं. मी काचेच्या आतून बघत होते. बाहेर जाऊन त्याला उठवायला हवं होतं, पण मी गेले नाही. गाठ नाही याचा दुसरा अर्थ मला ठाऊक होता. सरांनी तो संध्याकाळी माझ्यासमोर बोलूनही दाखवला. "कळलं असतं, तर आधी गोळ्या देऊन पाहिल्या असत्या," ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

ईश्वरीचा उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं. हाक मारली की बघायची, काहीतरी सांगायला तोंड उघडायची आणि शब्दच यायचा नाही. मग स्वतःच दचकायची. ते दचकणं मला अजून दिसतं. लहान मुलांचं बोलणं सरावाने बरंचसं परत येतं असं डॉक्टर म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं, पण सेनगावजवळच्या खेड्यात रोज तो सराव घ्यायला कोण बसलं होतं?

आणि त्याच आठवड्यात दुसरं औषध आलं. अगदी वेळेवर. विमान वेळेवर, गाडी वेळेवर, डबा गच्च भरलेला. ते दुसऱ्या एका मुलाला दिलं. त्याचा फोटो इतका स्वच्छ निघाला की शिकाऊ डॉक्टरांना बघायला बोलावलं होतं. सगळे कौतुक करत होते. मी भांडी धुवायच्या खोलीत जाऊन रडले. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी कामाच्या जागी रडले ती तेवढीच.

आबांना त्या अभंगांबद्दल कोणी कधी काही सांगितलं नाही. फोटोतली चमक त्यांच्यामुळे होती असं सिद्धही करता येणार नव्हतं, आणि आलं असतं तरी मी सांगितलं नसतं. म्हातारा पुढच्याच वर्षी गेला असं कळलं.

मी निवृत्त झाले, हिंगोलीला आले. मध्यंतरी पुण्याची बहीण आली होती, तिला घेऊन नरसीला गेले. दर्शन करून बहीण देवळातच बसली, मी चप्पल घालून रस्त्यावर आले. नारळ-फुलांच्या एका दुकानातून हाक आली, "बाई, वळखलं का?" सविता होती. पोरीला एकटं ठेवता येत नाही म्हणून तिने इथं दुकान टाकलं होतं. माधवची जीप समोर झाडाखाली उभी. आणि दुकानात बसून डाव्या हाताने नारळ पुसत असलेली उंच मुलगी ईश्वरी.

तिने मला ओळखलं. चेहरा फुलला, तोंड उघडलं, आणि शब्दाची वाट बघत ती थांबली. सविताने मधे शब्द पुरवला नाही, ती नुसती थांबून राहिली. मीही थांबले. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. शेवटी ईश्वरी "बाई" म्हणाली, स्वच्छ म्हणाली, आणि दमून पुन्हा नारळ पुसायला लागली. मला त्या एका शब्दाचा आनंद व्हायला हवा होता. मला आठवत होती ती मुलगी, जी एका दमात दहा प्रश्न विचारत होती.

माधव मला बघून हरखला. "मॅडम! थांबा, चहा सांगतो," म्हणत तो पलीकडच्या हॉटेलात गेला. तो लांब गेल्यावर सविता माझ्याजवळ सरकली.

"बाई, येक इचारू? गाठ नव्हतीच, तर मग काहून कापलं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. उत्तर मात्र मी मनात शंभरदा दिलेलं होतं. मी तिला सगळं सांगितलं. की साखरेच्या फोटोत गाठ असल्यासारखं दिसलं. की दुसऱ्या औषधाने बहुतेक नक्की कळलं असतं, आणि ते वेळेवर आलं नाही. की गाठ असती आणि आपण थांबलो असतो, तर पोरगी गेली असती, आणि त्या दिवशी कोणालाच काही ठाऊक नव्हतं.

"म्हंजे आनखी आठ दिस थांबलो असतो, तर बोलली असती."

"बहुतेक," मी म्हटलं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. ती म्हणाली, "मला तवाच वाटलं व्हतं. गाठ न्हाई म्हणून हे नाचून राहिले व्हते, आन् मी पोरीच्या तोंडाकडं बघून राहिले व्हते." मग रस्त्याकडे बघत हळूच म्हणाली, "यांना नका सांगू, बाई. सही यांनी केली व्हती."

माधव चहाचे ग्लास घेऊन येतच होता. एक मला दिला, एक सविताला. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "ईश्वरी, पाया पड. यांच्याच मशीननं सांगितलं व्हतं आपल्याला, गाठ न्हाई म्हणून. बराबर ना, मॅडम?"

सविता माझ्याकडे बघत होती.

"बराबर," मी म्हटलं.